दोष मानेत की माणसात?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो आणि त्याच तोंडाने, कधी कधी त्याच संध्याकाळी, ‘प्रयत्नांती परमेश्वर’ असंही म्हणतो. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ आणि ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ या दोन म्हणी एकाच घरात वर्षानुवर्षं सुखाने नांदतात. माझ्या सासूबाई पहिल्या जातीच्या म्हणी लेकीच्या गणितासाठी राखून ठेवतात आणि दुसऱ्या जातीच्या माझ्या पुरणपोळीसाठी. गणित रक्तातच असावं लागतं म्हणे. पोळीचं तसं नाही, चार फाटल्या की पाचवी जमते.

मला हे बरीच वर्षं नुसतं गमतीचं वाटायचं. पण याच प्रश्नावर मानसशास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या खपल्या आहेत: आपल्या अंगची एखादी गोष्ट ठरलेली आहे असं मानणारा माणूस आणि ती घडत जाते असं मानणारा माणूस, हे दोघे अडचण आली की वेगळे वागतात का? आणि वागत असतील तर त्याने पुढे काही फरक पडतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ असं आहे. दुसऱ्याचं ‘हो, पण’ असं आहे, आणि माझा जीव त्या ‘पण’मध्ये जास्त अडकलेला आहे.

आधी शब्दाचं बघू. ‘माइंडसेट’ आता ऑफिसच्या ट्रेनिंगपासून क्लासच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे आहे. मराठीत त्याला ‘मानसिकता’ म्हणतात, पण हा शब्द वर्तमानपत्रांनी पार बिघडवून ठेवला आहे. मानसिकता म्हटलं की ती कुणाची तरी वाईटच असते आणि ती बदललीच पाहिजे असते. मला ‘मनाची बैठक’ जास्त जवळचं वाटतं. गाणाऱ्याची बैठक नीट नसेल तर वरचा सूर लागायच्या आधीच श्वास अडतो. मनाची बैठकही तशीच. प्रत्यक्ष काम सुरू व्हायच्या आधी, त्या कामाबद्दल आणि स्वतःबद्दल आपण न तपासता धरलेली एक समजूत.

शाबासकीचा प्रयोग

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं नाव या विषयाशी कायमचं जोडलं गेलं आहे. त्यांनी आणि क्लॉडिया म्युलर यांनी १९९८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांची मांडणी इतकी साधी आहे की आपल्या घरात रोज काय घडतं ते त्यात लख्ख दिसतं.

पाचवीतल्या मुलांना आकृत्यांची कोडी दिली. फार अवघड नव्हती, सगळ्यांना बऱ्यापैकी सुटली. मग प्रत्येक मुलाचं कौतुक केलं. काहींना सांगितलं, छान सोडवलंस, तू हुशार असणार. काहींना सांगितलं, छान सोडवलंस, तू खूप मेहनत घेतली असणार. फरक एवढाच, एका वाक्याचा. त्यानंतर विचारलं, पुढे कोणती कोडी देऊ? नक्की सुटतील, चांगलं दिसता येईल अशी, की जरा अवघड पण शिकायला मिळेल अशी? मेहनतीचं कौतुक झालेल्यांपैकी ९२ टक्के मुलांनी शिकायला मिळेल अशी कोडी मागितली. हुशारीचं कौतुक झालेल्यांपैकी ६७ टक्क्यांनी सुरक्षित रस्ता धरला.

पुढे सगळ्यांनाच मुद्दाम फार अवघड कोडी दिली. सगळेच आपटले. त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखी सोपी कोडी दिली. आता गंमत बघा. ज्यांना ‘हुशार’ म्हटलं होतं ती मुलं या सोप्या कोड्यांत आपल्याच पहिल्या गुणांपेक्षा खाली आली. ज्यांना ‘मेहनती’ म्हटलं होतं ती वर गेली.

मला मात्र सगळ्यात जास्त बोचला तो शेवटचा भाग. मुलांना सांगितलं, दुसऱ्या शाळेतल्या मुलांसाठी तुमचा अनुभव लिहा आणि तुमचे गुणही लिहा, नाव घालायचं नाही. हुशारीची शाबासकी मिळालेल्यांपैकी ३८ टक्के मुलांनी गुण वाढवून लिहिले. मेहनतवाल्यांत हे प्रमाण १३ टक्के होतं. कधीही न भेटणाऱ्या अनोळखी मुलापुढे, निनावी कागदावर थाप मारायची गरज दहा वर्षांच्या पोराला का वाटावी? कारण ‘हुशार’ ही एक पदवी आहे आणि पदवी सांभाळावी लागते. सोपं सुटलं म्हणून मी हुशार ठरलो असेन, तर अवघड सुटलं नाही म्हणून मी मठ्ठ ठरतो. हे गणित त्या वयातही बिनचूक येतं.

ड्वेक यांच्या मांडणीतल्या या दोन बैठका. एकीत बुद्धी, स्वभाव, कला हे सगळं ठरलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक परीक्षा हा निकाल असतो. दुसरीत, जिला इंग्रजीत ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हणतात, ते घडत जातं, त्यामुळे परीक्षा ही नुसती खबर असते. कुठे काय राहिलंय याची.

पालिकेचा तलाव, बायकांची बॅच

मी वर्गात पहिल्या पाचात असायचे. दादरला वाढले, समुद्र घरापासून चालत वीस मिनिटांवर, आणि त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला पोहता येत नव्हतं. विचारलं की माझं उत्तर तयार असायचं, ‘पाणी माझ्या हाडात नाही.’ चौथीत एकदा शाळेच्या सहलीत पाण्यात उतरले, नाकातोंडात पाणी गेलं, सगळे हसले. एवढ्यावर मी तीन दशकं काढली. म्हणजे जी मुलगी अवघडातलं अवघड व्याकरण दहा वेळा घोटून पाठ करायची, तिने पोहण्याचा निकाल एका डुबकीत लावून टाकला.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्यायची. माणसं ‘ठरलेल्या’ बैठकीची किंवा ‘घडणाऱ्या’ बैठकीची नसतात. एकाच माणसात दोन्ही असतात, विषयागणिक. माझे एक काका बँकेत आयुष्यभर आकड्यांशी खेळले, साठीनंतर मोडी लिपी शिकले, आणि चहा करायला सांगितलं की म्हणतात, मला ते जमत नाही. ड्वेक यांनीही पुढे हेच स्पष्ट केलं की कुणीच पूर्णपणे एका बाजूचा नसतो. त्यामुळे ‘त्याचा माइंडसेटच तसला आहे’ हे वाक्य म्हणजे माणसावर आणखी एक शिक्का. ज्या रोगावर औषध शोधलं, त्याच रोगाने औषधाची बाटली भरायची तशातला प्रकार.

तर, लेकीला पोहायला घातलं आणि रोज तासभर काठावर बसून फोन बघण्याचा कंटाळा आला म्हणून मीही बायकांच्या बॅचमध्ये नाव घातलं. पहिले चार दिवस साडेतीन फूट पाण्यात कठड्याची दांडी धरून फक्त बुडबुडे. तोंड पाण्यात, नाकाने श्वास सोडायचा, वर यायचं. आजूबाजूला सातआठ वर्षांची मुलं बेडकासारखी उड्या मारतायत आणि आपण एका कोपऱ्यात बुडबुडे काढतोय. क्लोरीनने डोळे लाल. पाचव्या दिवशी हातात फळी दिली आणि पाय मारायला सांगितलं. मी दोन हात पुढे गेले की पाय खाली. पुन्हा फळी, पुन्हा पाय खाली. मी सरांना म्हटलं, ‘सर, मी मुळातच घाबरट आहे, माझं काही खरं नाही.’

ते माझ्याकडे बघतच नव्हते, पाण्याकडे बघत होते. म्हणाले, ‘मॅडम, घाबरट-बिबरट राहू द्या. तुमची मान वर येते. मान वर आली की पाय खाली जाणारच. तळाच्या फरशीकडे बघा.’

मी फरशीकडे बघितलं. पाय वर आले. पाच-सहा फूट का होईना, गेले.

ड्वेक बाईंचं मी नंतर वाचलं, पण ‘मान वर येते’ या तीन शब्दांत मला ते सगळं आधीच कळलं होतं. मी दोष माझ्या स्वभावात ठेवला होता, म्हणजे जिथून तो हलवताच येत नाही अशा जागी. सरांनी तो उचलून मानेत आणून ठेवला. मान हलवता येते. घडणारी बैठक म्हणजे ‘मला सगळं जमेल’ असं आरशासमोर म्हणणं नाही. मला सगळं जमेल असा माझा आजही अजिबात विश्वास नाही. चुकीचा पत्ता ‘मी अशीच आहे’ या घरातून काढून, जिथे हात पोहोचतो अशा जागी लिहायचा, एवढंच ते काम आहे.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे मला करता येईल’ हा भरवसा कुठून येतो याचे चार झरे सांगितले. स्वतः थोडंसं करून बघणं, आपल्यासारख्याच कुणाला करताना बघणं, कुणीतरी धीर देणं, आणि आपल्या शरीराची धडधड आपण कशी वाचतो ते. यातला सगळ्यात जोरकस पहिला. धीर देणं बरंच खाली. आपण मात्र मुलांना नेमका तोच डोस वाटीवाटीने पाजतो: तू करू शकतोस, तू करू शकतोस. आमच्या बॅचमध्ये साठीच्या एक काकू होत्या, गुडघ्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पाठवलेल्या. त्या माझ्या आधी तरंगल्या. त्या दिवशी मला जो धीर आला तो दहा भाषणांनी आला नसता. थोडी असूयाही आली, खोटं कशाला बोलू.

शिक्का मारायचं यंत्र कुठून आलं

बुद्धीला आकडा चिकटवण्याची सुरुवात पॅरिसची. १९०५ साली आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली वापरण्याजोगी बुद्धिचाचणी तयार केली. हेतू असा की शाळेत मागे पडणारी मुलं वेळेवर ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत द्यावी. बुद्धी ही जन्मभराची ठरलेली मात्रा आहे असं म्हणणाऱ्यांवर बिने १९०९ मध्ये चांगलेच तुटून पडले होते. असल्या क्रूर निराशेला विरोध केला पाहिजे, सरावाने आणि योग्य पद्धतीने मुलाची समज वाढवता येते, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांनी ते वारले. १९१६ मध्ये त्यांची चाचणी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन यांनी सुधारून काढली. टर्मन बुद्धी मुख्यतः आनुवंशिक मानणारे. त्यामुळे मदतीसाठी बनवलेली पट्टी बघता बघता शिक्का झाली. आणि योगायोग असा की ड्वेक यांनी पुढे जिथे अध्यापन केलं ते विद्यापीठही स्टॅनफर्डच.

मेंदू मोठेपणी बदलतो का, याचा गाजलेला पुरावा टॅक्सीवाल्यांनी दिला. लंडनची काळी टॅक्सी चालवायची तर सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ असावे लागतात, त्याला तीन-चार वर्षं लागतात. मेंदूच्या अभ्यासक एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा आहे. शंका रास्त होती: ज्यांचा तो आधीच मोठा होता तेच टॅक्सीवाले झाले नसतील कशावरून? म्हणून २०११ मध्ये ७९ शिकाऊ उमेदवारांना सुरुवातीपासून तपासलं. सुरुवातीला सगळे सारखे. त्यातले ३९ पास झाले आणि वाढ त्यांच्यातच दिसली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणणाऱ्यांना हे अडचणीचं आहे, आणि नुसती मेहनत करा म्हणणाऱ्यांनाही थोडं आहेच, कारण बाकीच्यांनीही हात-पाय मारले होते. भुलेश्वरच्या गल्ल्यांत डोळे मिटून गाडी घालणारे आपले जुने काळी-पिवळीवाले कुणी तपासले असते तर काय दिसलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

कुत्री उठली का नाहीत

एक उलटा प्रश्न. माणूस हात-पाय मारणं सोडून का देतो?

१९६७ साली मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर केलेले प्रयोग आज वाचवत नाहीत, पण त्यांनी विषयाची दिशा ठरवली. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसायचे जे काही केलं तरी थांबायचे नाहीत. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे एक बुटका अडसर ओलांडला की सुटका होती. ज्यांनी आधी असे झटके सोसले नव्हते ती कुत्री चटकन पलीकडे जायची. सोसलेली बहुतेक तिथेच पडून राहिली. याला नाव मिळालं ‘शिकलेली असहायता’. काही केलं तरी फरक पडत नाही, हे ती शिकली, असा अर्थ लावला गेला आणि पुढची कितीतरी वर्षं तोच शिकवला गेला.

मग २०१६ मध्ये, जवळजवळ ५० वर्षांनी, त्याच दोघांनी लिहिलं की आमचा अर्थ उलटा होता. मेंदूवरच्या पुढच्या संशोधनातून असं दिसलं की लांबलेल्या त्रासापुढे हातपाय गाळणं ही जन्मजात प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही. शिकावा लागतो तो ताबा. ‘मी काही केलं तर फरक पडतो’ हे मेंदूला अनुभवाने कळावं लागतं, आणि ते कळलं की मेंदूचा वरचा भाग खालच्या घबराटीला आवर घालतो.

स्वतःचाच सगळ्यात गाजलेला निष्कर्ष म्हातारपणी फिरवणं, ही घडणारी बैठक म्हणजे काय याची याहून चांगली जाहिरात मला माहीत नाही. आणि आपल्यापुरता त्यातला मुद्दा असा: वारंवार नापास होणारा मुलगा हातपाय गाळून बसतो तेव्हा तो आळशी नसतो. सगळ्याच सस्तन प्राण्यांसारखा तो मूळपदावर आलेला असतो. त्याला भाषणाची गरज नसते. आज, या तासात, त्याच्या हाताने एक तरी गोष्ट हललेली त्याला दिसायला हवी. साडेतीन फुटांत बुडबुडे.

आता तो ‘पण’

इथपर्यंत वाचून कुणी उठून मुलाला ‘माइंडसेट’च्या वर्कशॉपला घालेल, म्हणून घाईने सांगते.

२०१८ मध्ये या विषयावरचे आधीचे अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यात साडेतीन लाखांहून जास्त विद्यार्थ्यांची माहिती होती. बैठक आणि परीक्षेतलं यश यांचा संबंध निघाला, पण बराच फिका. पुढच्याच वर्षी डेव्हिड येगर, ड्वेक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या नववीच्या सुमारे १२,००० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांना एका तासाहून कमी वेळाचा ऑनलाइन पाठ दिला, की मेंदू सरावाने बदलतो. मागे पडलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी, जी तिथे ४ पैकी मोजतात, ०.१ ने वाढली. फायदा छोटा, पण पाठही तासाभराचाच. मला त्यातली दुसरी नोंद महत्त्वाची वाटते. ज्या शाळांत सोबतची मुलंही अवघड प्रश्नाला हात घालणं चांगलं मानत होती, तिथे परिणाम टिकला. जिथे तसं वातावरण नव्हतं, तिथे एकट्या मुलाची बैठक फार काळ तग धरू शकली नाही.

आणि मग पैशाची गोष्ट येते, जी असल्या लेखांत सहसा तळटीप होऊन बसते. २०१३ साली तमिळनाडूतल्या ४६४ ऊसउत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऊस उत्पादकाच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर आकृत्यांची कोडी दिली. तोडणीआधी त्याच माणसांची कामगिरी स्पष्टपणे खाली होती. माणूस तोच, मेंदू तोच. फक्त डोक्याचा एक कोपरा उधारीच्या हिशेबाने अडवून ठेवलेला. या माणसाला आपण तोडणीआधी भेटलो तर म्हणू, याचा माइंडसेटच नाही.

वरळीत बीडीडी चाळींजवळ एक रस्ता आहे. लोक त्याला अभ्यास गल्ली म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या चाळीतली मुलं तिथे रस्त्याच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसत आली. त्या मुलांची गोष्ट सांगताना वक्त्याचा गळा भरून येतो: बघा, जिद्द असली की दिव्याखालीही अभ्यास होतो. होतो, खरंच होतो. पण ती गल्ली तयार झाली कारण चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि त्यात सहा-सात माणसं. आणि ती गल्ली चालली कारण तिथे दिवा होता, रहदारी कमी होती आणि शेजारी बसलेला दुसराही वाचत होता. जिद्द मुलांची होती, दिवा पालिकेचा होता. यातलं एकच सांगणं म्हणजे अर्धा हिशेब दाखवून सही घेण्यासारखं. सर तळाकडे बघा म्हणाले तेव्हा तलावात पाणीही होतं, हे मी विसरू शकत नाही.

सचिन तेंडुलकरचं उदाहरण द्यायचं नाही असं ठरवून मी लिहायला बसले होते, कारण मुंबईत या विषयावर तोंड उघडलं की तो येतोच. पण या ‘पण’साठी तोच सोयीचा आहे. रमाकांत आचरेकर सर शिवाजी पार्कवर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो गोलंदाज बाद करेल त्याचं नाणं, शेवटपर्यंत टिकलास तर तुझं. अशी १३ नाणी सचिनने मिळवली. नाण्यात ‘तू महान आहेस’ असं काही लिहिलेलं नव्हतं. आजचं सत्र टिकलास, एवढंच. १६ नोव्हेंबर २०१३ ला वानखेडेवर निरोप घेताना सचिन म्हणाला की सर मला २९ वर्षांत कधीच ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत. त्याच भाषणात स्कूटरही होती. सर त्याला मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर न्यायचे, दिवसाला दोन सामने खेळायला मिळावेत म्हणून. मनाची बैठक होतीच, पण स्कूटरचीही बैठक होती. (२९ वर्षं कौतुक न करण्याचा प्रयोग घरी करू नका. तो सचिन होता आणि ते आचरेकर सर होते.)

कौतुकाची नवी भेसळ

ड्वेक यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोहोचलं ते ‘हुशार म्हणू नका, मेहनती म्हणा’ इतकंच. मग शाळांतून, ऑफिसांतून मेहनतीच्या कौतुकाचा पूर आला. २०१५ पासून त्या स्वतःच सांगत आल्या की हे अर्धवट आहे. चुकीच्या पद्धतीने शंभर गणितं सोडवणाऱ्या मुलाला ‘वा, किती मेहनत’ म्हणणं म्हणजे त्याला गप्प करण्याची सभ्य तऱ्हा. मी मान वर ठेवून महिनाभर पाय मारले असते तर सरांनी ‘मॅडम, तुमची चिकाटी भारी’ म्हणून भागलं नसतं.

ऑफिसमध्ये तर हा शब्द हत्यार होतो. दोन माणसांचं काम एकावर टाकायचं आणि तो कुरकुरला की म्हणायचं, तुझा ग्रोथ माइंडसेट कमी पडतोय. मी हे एका मीटिंगमध्ये कानाने ऐकलं आहे. तिथे दोष ना माणसात होता ना मानेत. फळीच दिलेली नव्हती.

म्हणून मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारते, तेही आठवलं तर. ही चूक मी कुठे ठेवते आहे? तिथे हात पोहोचतो का? आणि पाणी, दिवा, फळी, स्कूटर यातलं काही कमी आहे का?

लेकीचा आठवीचा गणिताचा पेपर गेल्या महिन्यात घरी आला. २५ पैकी ११. सासूबाई म्हणाल्या, ‘आमच्या घरात गणित आहेच कुणाला?’ त्या वाईट हेतूने म्हणत नाहीत. नातीचं ओझं हलकं करायचं असतं त्यांना, घराण्यावर टाकून. लेकीनेही सुटकेचा श्वास सोडला. मी पेपर घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिले आणि गेलेले १४ मार्क एकेक करून शोधले. त्यातले ८ एकाच जागी गेले होते. कंसाबाहेर वजा असला की आतली चिन्हं उलटतात, हे ती विसरते. १० - (४ - ३) याचं उत्तर ९. ती सरळ कंस पुसून १० - ४ - ३ करते आणि ३ लिहिते. गणितात कच्ची असणं आणि कंसाबाहेरचा वजा विसरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर उपाय नाही. दुसऱ्यावर लाल पेन आहे.

तिला सांगितलं, वजा-कंस दिसला की आधी त्या वजाला लाल गोल, मग पुढचं. पंधरा दिवस तिने इमानेइतबारे गोल काढले.

काल पुढचा पेपर आला, २५ पैकी १५. मी पुन्हा ओट्यापाशी. वजाच्या कंसांत एकही चूक नाही. पण आता कंसाबाहेर अधिक असला तरी ती आतली चिन्हं उलटवून टाकते. सगळीकडे, मनापासून.

लेकीने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं. ‘परत मान वर,’ म्हणाली, आणि लाल पेन शोधायला गेली. ते सापडलं नाही. सासूबाईंनी दुधाचा हिशेब मांडायला नेलं होतं.